लेनर्ड कोहेन : 1975 चा बारा गाण्यांचा संग्रह पुरेसा आहे का?

रातवा

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेनर्ड कोहेन ऐकायचा असेल तर 1975 साली आलेला 'द बेस्ट ऑफ लेनर्ड कोहेन' ऐकावा. युरोपात काही ठिकाणी हाच संग्रह 'ग्रेटेस्ट हिट्स' नावाने निघाला. गाणी फक्त बारा. त्यानंतरचं फारसं ऐकलं नाही तरी माणूस कशाला मुकत नाही, असं मला गेली तीस वर्षं वाटत आलंय.

विषय निघाला तो भाच्यामुळे. गेल्या आठवड्यात घरी ही एलपी लावली होती. त्याने विचारलं, "मामा, हा 'हॅलेलुया'वाला ना?" मी हो म्हणालो, पण मनाला लागलं. एका गाण्याने एवढ्या मोठ्या माणसाला गिळून टाकावं, हे काही बरं नाही.

थोडी पार्श्वभूमी देतो. कोहेन 1934 सालचा, कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा. आधी कवी, मग कादंबरीकार. दोन कादंबऱ्या आणि बरेच कवितासंग्रह नावावर असताना, केवळ लिहिण्यावर पोट भरत नाही म्हणून गाण्याकडे वळला. पहिली तबकडी आली डिसेंबर 1967 मध्ये, तेव्हा तो 33 वर्षांचा होता. त्या क्षेत्रात हे वय म्हणजे उशीरच. 1975 पर्यंत स्टुडिओत केलेले अल्बम जेमतेम चार, आणि अमेरिकेत 'हिट' म्हणावं असं त्याचं एकही गाणं नव्हतं. मग 'ग्रेटेस्ट हिट्स' कसले? मला तर हेच आवडतं. खपाच्या आकड्यांवरून गाणी उचलायची सोयच नव्हती, त्यामुळे निवड गाण्यांच्या गुणांवर झाली. पहिल्या अल्बममधली चार, दुसऱ्यातली तीन, तिसऱ्यातली दोन आणि चौथ्यातली तीन.

माझी प्रत चोरबाजारात मटन स्ट्रीटवर मिळाली, 1991 च्या पावसाळ्यात. कव्हरचा एक कोपरा पाण्याने फुगलेला. वरचा फोटो मिलानच्या एका हॉटेलातल्या आरशात काढलेला. सोबत प्रत्येक गाण्यावर कोहेनने स्वतः लिहिलेल्या चार-चार ओळी. मी ती घरी आणली आणि गाणी लावायच्या आधी त्या ओळीच वाचत बसलो. 'फेमस ब्लू रेनकोट'बद्दल तो गाण्याचा अर्थ सांगतच नाही. सांगतो ते रेनकोटाबद्दल. 1959 साली लंडनमध्ये घेतलेला बर्बेरी, बाह्या विरल्या तेव्हा त्यांना थोडं चामडं लावून घेतलं आणि मग तो खरा शोभायला लागला, पुढे न्यूयॉर्कमधून चोरीला गेला. बस्स. ते वाचून मी गाणं लावलं. गाणं म्हणजे एक पत्र आहे. डिसेंबरअखेर, पहाटेचे चार, बायकोच्या आयुष्यात येऊन गेलेल्या मित्राला लिहिलेलं. त्यात राग आहे, उपकाराची जाणीव आहे, आणि शेवटी आपण पत्राखाली करतो तशी सही : आपला, एल. कोहेन. गाण्याखाली सही करणारा गायक मी तोवर ऐकला नव्हता. म्हणजे अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं ते ठाऊक होतं, पण ते इथे, असं भेटेल याची कल्पना नव्हती.

तो काळ गिटारचा होता. एक नायलॉनच्या तारांची गिटार, मागे एखाद-दुसरा बायकी आवाज, आणि शब्द पुढे. ज्याला आपण शब्दप्रधान गायकी म्हणतो ती. 1984 नंतर त्याने कॅसिओचा कीबोर्ड धरला, आवाज खर्जाच्याही खाली गेला आणि गाण्यातली हवाच निघून गेली. पटत नसेल तर मुद्द्यांसह सांगा.

तिसरी घंटा

रातवा, साफ नापसंत.

साधा हिशेब करा. 1975 साली कोहेन 41 वर्षांचा झाला. 2016 साली 82 व्या वर्षी गेला. म्हणजे तुमच्या संग्रहानंतर तो आणखी 41 वर्षं जगला आणि जवळजवळ शेवटच्या श्वासापर्यंत काम करत राहिला. अर्ध्या आयुष्यावर तुम्ही पडदा पाडताय.

आणि कीबोर्डचं म्हणाल, तर 'आय'म युवर मॅन' (1988) मधलं 'टॉवर ऑफ साँग' पुन्हा ऐका. खेळण्यातल्या बाजासारखा तो ठेका, मध्ये एका बोटाने वाजवल्यासारखा तुकडा. कुणालाही जमेल असा. हे न जमल्याने झालेलं नाही, मुद्दाम केलेलं आहे. वय होतंय, केस पिकलेत, जिथे खेळायचो तिथे आता दुखतं, असं सांगणाऱ्या गाण्याला मागे सुरेख गिटार असती तर ते गोड झालं असतं. त्या दरिद्री ठेक्यामुळे ते खरं वाटतं. तरुणपणीचा कोहेन स्वतःच्या दुःखाकडे फार प्रेमाने बघतो. उतारवयातला कोहेन त्याच दुःखाला बसायला खुर्ची देतो आणि गप्पा मारतो. मला दुसरा जवळचा.

ओली माती

रातवांशी सहमत. नंतरचा कोहेन मला गाताना ऐकूच येत नाही, तो बोलतो. 'सुझान'मध्ये आवाज साधा आहे, पण सुरांवर चालतो. नदीकाठची ती खोली, चीनहून आलेली संत्री आणि चहा, हे सगळं त्या संथ चालीमुळे डोळ्यांसमोर येतं. निव्वळ शब्द हवे असतील तर पुस्तकच वाचावं की.

साइड ए

माझा आक्षेप वेगळा आहे. कुठला काळ चांगला हा नंतरचा प्रश्न. 'निवडक' या प्रकारालाच माझा विरोध आहे.

त्याचा तिसरा अल्बम घ्या, 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट', 1971. आठ गाणी. सुरुवात 'अ‍ॅव्हलांच'ने होते. गिटारची ती अखंड, धडधडत जाणारी बोटं, जणू पाठीमागून कुणी पळत येतंय. तो थरार अंगात भिनलेला असताना दुसरं गाणं 'लास्ट इयर्स मॅन' येतं, तेव्हा त्याचा थकवा कळतो. आता रातवांचा संग्रह बघा. त्यात 'लास्ट इयर्स मॅन' आहे आणि 'अ‍ॅव्हलांच' नाही. धावण्याशिवायची दमछाक. 'स्टोरी ऑफ आयझॅक' नाही, 'जोन ऑफ आर्क' नाही. उलट 'द पार्टिझन' आहे, जे मुळात त्याचं नाहीच. दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रेंच भूमिगत लढ्याचं ते गाणं, चाल अ‍ॅना मार्लीची. कोहेनने ते पंधराव्या वर्षी मुलांच्या उन्हाळी शिबिरात एका गाण्यांच्या पुस्तकातून उचललं. त्याने ते अप्रतिम गायलंय, वादच नाही. पण स्वतः लिहिणाऱ्या, स्वतः गाणाऱ्या माणसाच्या बारा गाण्यांतली एक जागा दुसऱ्याच्या गाण्याला?

1997 चा 'मोअर बेस्ट ऑफ' तर निव्वळ दुकानदारी वाटते. तेरा गाणी, त्यातली दोन नवी, आणि उरलेली जवळजवळ सगळी 1988 आणि 1992 च्या दोन अल्बममधली किंवा मैफिलीत मुद्रित झालेली. ज्याच्याकडे ते अल्बम आधीच आहेत त्याने दोन गाण्यांसाठी पुन्हा पैसे मोजायचे. 2002 मध्ये दोन सीडींचा 'द इसेन्शियल' आला तो त्यामानाने भरघोस. पण तिथेही मूळ क्रम मोडतोच.

रातवा

साइड ए, 'अ‍ॅव्हलांच'चा मुद्दा मी मान्य करतो. ते तिथे हवं होतं.

'पार्टिझन'बद्दल मात्र नाही. ज्या गाण्याने त्याला पोरवयात दाखवून दिलं की गाण्यात एवढं मावू शकतं, ते त्याच्या निवडीत असणं मला योग्यच वाटतं. शिवाय पहिली बाजू तिथे संपते. 'लेडी मिडनाइट'नंतर ते फ्रेंच शब्द येतात, वारा थडग्यांमधून वाहतो, आणि मग सुई उचलली जाते. मी दर वेळी दोन-तीन मिनिटं तसाच बसतो आणि मग एलपी उलटतो. म्हणजे क्रम मोडला असं जे तुम्ही म्हणता, तिथे एक नवा क्रम तयार झालाय. मुळात आपण मराठीत किती कवी समग्र वाचतो? ज्ञानेश्वरी आणि गाथा घरात असतात, पण तोंडात बसलेले अभंग निवडीतूनच आलेले असतात. कुणीतरी वेचून दिले म्हणून.

आणि माझ्या मुद्द्याला कुणी हात लावलेला नाही. गिटार. 2011 मध्ये स्पेनचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार घेताना त्याने स्वतःच सांगितलं की तरुणपणी मॉन्ट्रियलमध्ये एका स्पॅनिश मुलाने त्याला तीन दिवस गिटार शिकवली, सहा कॉर्ड्सचा, म्हणजे स्वरमेळांचा, एक साचा दिला. चौथ्या दिवशी तो आला नाही. त्याने आत्महत्या केली होती. आणि ते सहा कॉर्ड्स हाच आपल्या सगळ्या गाण्यांचा पाया आहे, असं कोहेन म्हणाला. सगळ्या गाण्यांचा. मग तोच पाया बाजूला ठेवून कीबोर्ड का?

तिसरी घंटा

पाया दिसत नसतो, म्हणून तो नाही असं होत नाही. कीबोर्डवरही तो त्याच साध्या मेळांवर चालतो.

आणि 'हॅलेलुया'बद्दल तुमच्या मनात अढी आहे ती चुकीच्या माणसावर. ते गाणं काढून टाकण्याचं काम त्याच्या कंपनीनेच आधी केलं होतं. 'व्हेरियस पोझिशन्स' हा 1984 चा अल्बम कोलंबियाने अमेरिकेत काढायलाच नकार दिला. ज्या गाण्यासाठी त्याने ऐंशीच्या आसपास कडवी लिहून खोडली, ते गाणं त्याच्याच बाजारपेठेत दारात अडकलं. 1991 मध्ये जॉन केलने ते वेगळी कडवी निवडून गायलं, 1994 मध्ये जेफ बकलीने ती वाट धरली, मग ते सिनेमात गेलं, स्पर्धांत गेलं. 2008 च्या नाताळात ब्रिटनच्या खपाच्या यादीत ते एकाच वेळी तीन जागी होतं. पहिल्या क्रमांकावर एका स्पर्धेची विजेती, दुसऱ्यावर बकली, आणि लिहिणारा स्वतः छत्तिसावा! हा राग गाण्यावर काढू नका. भाच्याला कोहेनचं मूळ ऐकवा. त्यात ती आर्त हाक नाही, जवळजवळ चर्चमधलं वाचन आहे. बायबलमधले दावीद राजा, बाथशेबा, सॅमसनचे केस, आणि तरीही पलंगाशेजारच्या खुर्चीएवढं घरगुती.

अबोली

मला कोहेन आवडतो, पण या बारा गाण्यांतल्या बायकांबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते.

सुझान, मारियान, सिस्टर्स ऑफ मर्सी, लेडी मिडनाइट, चेल्सी हॉटेलमधली ती. सगळ्या येतात, त्याला बरं करतात, निघून जातात. किंवा तो निघून जातो. 'सिस्टर्स ऑफ मर्सी'ची हकीकत सुंदर आहे : एडमंटनमधलं हिमवादळ, निवारा नसलेल्या दोन मुली, त्या त्याच्या खोलीत गाढ झोपलेल्या आणि हा खुर्चीत बसून बाहेरच्या गोठलेल्या नदीवरून येणाऱ्या उजेडात लिहितोय. एका बैठकीत पुरं झालेलं हे त्याचं दुर्मीळ गाणं. पण 'चेल्सी हॉटेल नं. 2' मध्ये त्याने जी जवळीक उघड्यावर मांडली ती गायिका जॅनिस जॉप्लिनसोबतची, हे त्यानेच पुढे मंचावरून सांगितलं. ती तोवर हयात नव्हती. हे बोलायला नको होतं, असं नंतर त्याने जाहीरपणे कबूल केलं, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. तरी गाणं आहे तिथेच आहे.

म्हणून 1975 ला थांबायला मी तयार नाही. त्यानंतर त्याच्या गाण्यातल्या बाईला तोंड फुटतं. जेनिफर वॉर्न्सने 1987 मध्ये अख्खा अल्बम त्याच्या गाण्यांचा केला, आणि रेनकोटाचं ते पत्र एका बाईच्या तोंडून ऐकताना सगळी समीकरणं हलतात. 2001 चा 'टेन न्यू साँग्ज' तर शॅरन रॉबिन्सनसोबत लिहिलेला, सगळीच्या सगळी दहा गाणी. संगीताची बाजूही तिनेच सांभाळली. तिचा आवाज मागे 'ऊ ऊ' करत नाही, त्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो. तुमच्या संग्रहात अशी एकही जागा नाही.

ओली माती

अबोली, 'मारियान'मध्ये मला ती गप्प वाटत नाही. निरोप घेताना हसू आणि रडू एकत्र येतं ते दोघांचं आहे. पण शॅरन रॉबिन्सनचा मुद्दा पटला. तो अल्बम मी नीट ऐकलेला नाही.

केम्प्स कॉर्नर

इथे मुंबईचा उल्लेख यायला हवा, म्हणून मध्ये पडतो.

1994 ते 1999 कोहेन लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवर झेन मठात होता. 1996 मध्ये रीतसर भिक्षू झाला. पहाटे उठायचं, वृद्ध गुरूंसाठी स्वयंपाक करायचा, ध्यानाला बसायचं. पण आयुष्यभराचं नैराश्य काही सुटेना. तिथे त्याच्या हाती रमेश बाळसेकरांचं पुस्तक आलं, आणि 1999 च्या सुरुवातीला तो मठ सोडून मुंबईला आला. केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात काही महिने राहिला. रोज सकाळी वॉर्डन रोडजवळ बाळसेकरांच्या घरी सत्संगाला जायचा, मग ब्रीच कँडीला पोहायला. पुढची काही वर्षं येत राहिला.

बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख, आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज खेतवाडीत राहायचे, विडीचं दुकान चालवायचे, आणि बोलायचे ते मराठीत. त्यांच्या पोटमाळ्यावर जमणाऱ्या परदेशी मंडळींना ते बोलणं इंग्रजीत करून सांगणाऱ्यांत बाळसेकर होते. कर्ता कोणी नाही, घडतं ते घडतं, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. कोहेनने नंतर सांगितलं की त्या सुमारास ते जुनं मळभ हळूहळू विरत गेलं. नेमकं कशाने, याचा दावा त्याने केला नाही आणि मीही करत नाही.

त्या वर्षी मी रोज त्याच चौकात बसची वाट बघत उभा असायचो. त्याला कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी ओळखलं नसतं, तेव्हा माझ्याकडे त्याची एकही कॅसेट नव्हती. पण 'टेन न्यू साँग्ज' मी जेव्हा ऐकलं तेव्हा जाणवलं ते हे की या माणसाने कुठलीतरी गाठ सोडून दिली आहे. आधीच्या गाण्यांत तो स्वतःवर खटला चालवत असतो. इथे खटला नाही. आवाज खाली गेलाय, कारण ओढून धरलेलं काही राहिलेलं नाही.

रातवा, ज्याला तुम्ही हवा निघून जाणं म्हणता ते मला श्वास सोडण्यासारखं वाटतं.

साइड ए

हे माहीत नव्हतं. खेतवाडीचं बोलणं असं कुठल्या कुठे गेलं! त्यात पुढचंही जोडा. मठातून परतल्यावर काही वर्षांनी त्याला कळलं की आयुष्यभराची पुंजी साफ झालीय, पन्नास लाख डॉलरहून जास्त. म्हातारपणी पोटासाठी पुन्हा मंचावर उभं राहणं आलं. मे 2008 मध्ये कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या छोट्या नाट्यगृहात सुरुवात केली, तेव्हा 73 वर्षांचा होता. 2013 च्या डिसेंबरपर्यंत तीनशेच्या वर मैफिली. प्रत्येक तीन तासांच्या आसपास, डोक्यावर फेडोरा, साथीदारांचं वादन चालू असताना टोपी काढून छातीशी धरायचा, कधी गुडघ्यांवर बसून गायचा. गरजेपोटी निघाला होता हे त्या गाण्यांत कुठे ऐकू येत नाही.

तिसरी घंटा

आणि शेवट? 'यू वाँट इट डार्कर' 21 ऑक्टोबर 2016 ला आला, 7 नोव्हेंबरला तो गेला. मधे फक्त सतरा दिवस. पाठीचं दुखणं एवढं की घरातच, खास खुर्चीत बसून मुद्रण, मुलगा अ‍ॅडम निर्माता. मागे मॉन्ट्रियलच्या त्याच्या लहानपणीच्या सिनेगॉगमधलं, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरातलं, गायकवृंद. 'हिनेनी' म्हणतो, हिब्रूत, म्हणजे 'हा मी हजर आहे'. तुमच्या संग्रहातल्या 'हू बाय फायर'मध्ये त्याने योम किप्पूर या ज्यू प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या प्रार्थनेवरून विचारलं होतं, कोण आगीने जाणार, कोण पाण्याने. चाळीस वर्षांनी उत्तर द्यायला तो स्वतःच उभा राहिलाय. पहिलं ऐकायचं आणि दुसरं सोडायचं, असं कसं करता?

रातवा

दोन दिवस लिहिलं नाही, कारण ऐकत होतो.

'हू बाय फायर' आणि 'यू वाँट इट डार्कर' लागोपाठ लावली. तिसरी घंटा, तुमचं बरोबर आहे. ती दोन गाणी वेगळी काढता येत नाहीत.

मग आणखी एक करून पाहिलं. संग्रहातलं चौथं गाणं, 'बर्ड ऑन द वायर', 1969 चं. ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर विजेच्या-टेलिफोनच्या तारा नव्यानेच आल्या होत्या, त्यांवर बसलेले पक्षी खिडकीतून दिसले तिथून सुरू झालेलं. तारेवरचा पक्षी, मध्यरात्री गाणारा दारुडा, तसा मी माझ्या परीने मोकळं व्हायचा प्रयत्न केला, असं तो म्हणतो. एलपीवर ते ऐकलं आणि लगेच 'लाइव्ह इन लंडन'मधलं, 2008 चं. शब्द तेच. चौतिशीच्या आतबाहेरच्या माणसाच्या तोंडी ते आर्जव वाटतं, कुणीतरी माफ करावं म्हणून केलेलं. त्र्याहत्तराव्या वर्षी तो 'प्रयत्न केला' हा शब्द इतका खाली, इतका सावकाश ठेवतो की माफी मागायला समोर कुणी उरलेलं नाही हे कळतं. मी रिमोट हातात धरून तसाच बसलो. गिटार आहे की कीबोर्ड, याकडे लक्षच गेलं नाही.

तरीही एक म्हणणं सोडत नाही. नव्या माणसाच्या हातात पहिल्यांदा काय द्यायचं, तर त्या बारा गाण्यांची एलपीच. अबोलींनी म्हटलं ते सगळं मनात ठेवून.

भाच्याकडे ती वाजवायला काही नाही, म्हणून रविवारी तो माझ्याकडे येतोय. पहिली बाजू, मग 'अ‍ॅव्हलांच', मग दुसरी बाजू. त्यानंतर तो थांबला तर 'टेन न्यू साँग्ज' लावणार आहे. केम्प्स कॉर्नर, त्यातलं पहिलं कुठलं लावू?

केम्प्स कॉर्नर

'अ थाउजंड किसेस डीप'. दिवे मालवून.